ईसीजी नॉर्मल, तरी रात्री पुन्हा धावपळ. पॅनिक अटॅकमध्ये घरच्यांनी काय करायचं?

अबोली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

नवऱ्याला (वय ३८, नागपूरला मिहानमध्ये आयटीत) दिवाळीपासून त्रास सुरू झालाय. बसल्याबसल्या छातीत धडधड, हाताला मुंग्या, घाम, आणि "मी आता काही वाचत नाही" ही खात्री. पहिल्या वेळी रात्री कॅज्युअल्टीत नेलं. ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झालीय का बघायची रक्ततपासणी), पुढे टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएमटीही (पट्ट्यावर चालवून करतात ती) झाली. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, हा पॅनिक अटॅक, टेन्शन घेऊ नका. बस्स. टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे करायचं काय, हे काही कुणी सांगितलं नाही.

आता उशाशी ऑक्सिमीटर आणि बीपीचं मशीन असतं. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावरून गाडी न्यायचं बंद केलंय, कारण "वर चढलो की मध्ये उतरायला जागा नाही". खालच्या सिग्नलांमध्ये अर्धा तास जास्त गेला तरी चालतो. सासूबाई मीठ-मिरच्या उतरवून टाकतात. मी रात्री दोनला गाडीची किल्ली हातात घेऊन उभी असते आणि ठरत नाही, न्यायचं की नाही. नेलं तर पुन्हा तेच रिपोर्ट, तेच बिल. नाही नेलं आणि खरंच काही झालं तर?

१. दर वेळी न्यायचं का?
२. त्या वेळी घरच्यांनी काय करायचं?
३. हे जातं का कधी?

रिकामटेकडा
वाचतोय. जागा धरून ठेवली.

तर्रीबाज
ताई, आधी जेवणाचं पाहा. आमच्या हापिसात दोघांना असंच होऊन राहिलं होतं, निघाला गॅस. रात्रीचं सावजी, वरून थंडगार कोल्ड्रिंक, मग छाती धडधडेल नाही तर काय करेल. ओवा आणि काळं मीठ, गरम पाण्यासोबत. फुकटचा इलाज.

नंदाकाकू
तर्रीबाज, रागावू नको, पण हे "गॅस आहे" प्रकरण आमच्या घरी फार महागात पडलं. यजमानांना पहाटे छातीत जड वाटत होतं, घाम फुटला होता. शेजारच्यांनी ओवा दिला, सोडा दिला, पाठ चोळली. त्यात दोन-अडीच तास गेले. तो हार्ट अटॅक होता. वाचले, अँजिओप्लास्टी झाली, पण हृदयाचा तेवढा भाग कायमचा कमजोर झाला. अबोली, तू पहिल्याच रात्री घेऊन गेलीस ते शंभर टक्के बरोबर केलंस. कुणी काही म्हणो.

तर्रीबाज
काकू, सॉरी. ते डोक्यात नव्हतं. यजमान आता बरे आहेत ना?

नंदाकाकू
आहेत. रोज फुटाळ्याला फिरायला जातात आणि येताना गुपचूप आलूबोंडा खातात. मला सगळं कळतं.

बुटीबोरीवाला
अबोलीताई, तुमच्या मिस्टरांच्या जागी मी होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. नाईट संपवून घरी येताना पेट्रोल भरायला थांबलो आणि एकदम हाताची बोटं आत वळली. म्हणजे अंगठा तळव्यात, बाकीची चार ताठ एकमेकांना चिकटलेली, उघडायला गेलो तर उघडेनात. ओठांभोवती बधिर. मला वाटलं लकवा मारला. पंपावरच्या पोरानं बाकावर बसवलं, कुणीतरी हातावर चपला घासल्या (फिट आली असं समजून). श्वास पुरत नाही म्हणून मी अजून जोरात ओढत होतो, आणि जितका ओढू तितकी बोटं वळत होती.

पुढे फिरत फिरत एका मानसोपचारवाल्या मॅडमकडे पोचलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आता इथे माझ्यासमोर मिनिटभर जोरजोरात श्वास घ्या. घेतला. मिनिट व्हायच्या आत त्याच मुंग्या, तेच डोकं हलकं, तोच ओठ बधिर. मी खुर्ची धरली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बघा, मी तुम्हाला लकवा दिला का? तुमचा तुम्ही आणला, आता तुमचा तुम्ही घालवा." सावकाश सोडायला लावला श्वास, पाचेक मिनिटांत सगळं जागेवर.

मग समजावलं. घाबरल्यावर आपण गरजेपेक्षा जास्त श्वास घेतो. ऑक्सिजन कमी पडलेला नसतोच, उलट रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर टाकला जातो. त्यानं रक्ताचा आम्ल-क्षार तोल बदलतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आवळतात म्हणून चक्कर, आणि कॅल्शियमचं गणित हलतं म्हणून बोटं वळतात. मला दहा रिपोर्टांनी जो विश्वास बसला नाही, तो त्या एका मिनिटानं बसला. (हे घरी एकट्यानं करून पाहू नका. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर अजिबातच नाही.)

पेठेतला_पाहुणा
नागपुरात पंपावरचं पोरगं तुम्हाला बाकावर बसवतं? आमच्याकडे "हवा भरायची नसेल तर गाडी बाजूला घ्या" म्हणाले असते.

रिकामटेकडा
आमच्याकडे आधी बसवतात, चहा पाजतात, मग गाव कोणतं विचारतात, मग नातं काढतात. तोवर अटॅक आपोआप उतरतो.

वऱ्हाडी_ठेचा
मी जरा उलटं बोलून रायलो, राग नका मानू. आमच्या बापानं कोरडवाहूत जिंदगी काढली, दोन वर्स सोयाबीन गेलं, कर्ज होतं डोक्यावर, पण हे पॅनिक-बिनिक काई नव्हतं. आता एसीत बसून काम करनाऱ्यायले होते. काम कमी झालं का डोस्कं चालते. घाम गाळला का झोप लागते.

पूर्वरंग
ठेचाभाऊ, नव्हतं असं कोण म्हणतं? आमची आजी काटोलजवळच्या खेड्यातली. तिचा "जीव घाबरा व्हायचा". चार बाया जमायच्या, कांदा हुंगवायच्या, देवऋषी यायचा. आजी शेतात निंदायलाही जायची आणि जीवही घाबरा व्हायचा. तिला चिठ्ठीवर नाव लिहून देणारं कुणी नव्हतं, एवढंच. आणि ज्यांना सांगता आलं नाही त्यांचं काय झालं हे आपल्या विदर्भात मी तुम्हाला सांगायला नको.

वऱ्हाडी_ठेचा
हे मात्र पटलं. आमच्या काकाले पन रात्री उठून अंगनात येरझारा घालायची सवय होती. आमी म्हनो, झोप नाई येत मानसाले.

स्टेथो
मी मेडिसिनचा डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ नाही, हे आधी सांगतो. समोर पेशंट नसताना निदान करणार नाही. पण अबोली यांच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर कुणीच दिलेलं नाही, ते देतो.

असं पहिल्यांदाच होत असेल तर दवाखान्यात जायचं. यात वाद नाही. लक्षणांवरून घरी बसून हृदय की पॅनिक हे ठरवता येत नाही, आम्हालाही ईसीजीशिवाय ठरवता येत नाही, आणि कधी कधी एका ईसीजीवरही नाही, म्हणून तर ट्रोपोनिन काही तासांनी पुन्हा करतात.

तपासण्या होऊन हृदय नीट आहे असं ठरल्यावरही पुढच्या गोष्टी दिसल्या तर थांबू नका: चालताना-जिना चढताना येणारी आणि थांबल्यावर कमी होणारी छातीतली कळ, जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात पसरणारा जडपणा, शुद्ध हरपणं, आडवं झाल्यावर दम लागणं, एका पायाला सूज आणि सोबत दम, बोलणं अडखळणं किंवा एक बाजू लुळी पडणं, बसल्या जागी ठोके एकदम दीडशेच्या वर जाऊन बटण दाबल्यासारखे एकदम थांबणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "नेहमीसारखं नाही, हे वेगळं आहे" असं पेशंटला वाटणं. मधुमेह, बीपी, तंबाखू, घरात कमी वयात हृदयविकार असेल तर उंबरठा अजून खाली ठेवा. मधुमेही लोकांत आणि बायकांमध्ये हार्ट अटॅक फार साळसूदपणे येतो, छातीत न दुखताही. गाडी नसेल तर १०८.

बाकी, ओळखीचंच सगळं, त्याच क्रमानं आलं, तर तो अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरायला लागतो. अर्धा-पाऊण तास थकवा राहतो. दर वेळी कॅज्युअल्टी गाठली की मेंदू एकच गोष्ट शिकतो: "मी वाचलो, कारण वेळेत पोचलो." तुमच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांसोबत बसून हा आराखडा कागदावर लिहून घ्या, कधी यायचं, कधी घरी थांबायचं. रात्री दोनला तुम्ही ठरवू नका, दिवसा अकराला ठरवलेलं रात्री वाचा.

एक विचारतो. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन झालंय का? रिपोर्टांच्या यादीत दिसलं नाही.

अबोली
थायरॉईड नाही झालं! सगळे हृदयामागेच होते.

शेवंता_कॉलनी
करून घ्या. मला चाळिशीनंतर असंच सुरू झालं, शिवाय वजन उतरलं, हात थरथरायचे. घरात सगळे म्हणाले टेन्शन, सून आली म्हणून. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) केलं तर थायरॉईड जास्त काम करून राहिला होता. सुनेनंच नेलं होतं, बरं का.

सीए_होणार
माझा प्रश्न जरा वेगळा. मला परीक्षेच्या हॉलमध्ये होतं. पेपर हातात आला की अक्षरं दिसतात पण वाचली जात नाहीत. मागच्या अटेंप्टला उठूनच आलो. आता डॉक्टरांनी एस्सिटालोप्रॅम ही चिंतेवरची गोळी दिलीय. पहिल्या आठवड्यात उलट जास्तच बेचैन वाटलं, म्हणून बंद करावी का असा विचार करतोय. आई म्हणते एकदा सुरू झाली की आयुष्यभर.

स्टेथो
परस्पर बंद करू नकोस, आजच डॉक्टरांना फोन कर. या गोळ्यांनी सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत बेचैनी वाढू शकते, म्हणूनच पॅनिकमध्ये कमी डोसनं सुरुवात करतात. खरा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. (झोप पूर्ण उडाली, किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले तर फोनची वाट पाहू नकोस, त्याच दिवशी जाऊन दाखव.) व्यसन लागणारी ही गोळी नव्हे. पण एकदम सोडली तर चक्कर, झटके आल्यासारखं वाटणं, चिडचिड होते, म्हणून उतरवत उतरवत बंद करतात, तीही डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

सवय लागते ती दुसऱ्या जातीच्या गोळ्यांची, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरे. पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटतं, आणि तीच गोम आहे. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग आहे. महिनोन्महिने नाही. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे कडक नोंदीच्या औषधांच्या यादीत आहे, २०१४ पासून दुकानदाराला चिठ्ठीची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करून तीन वर्षं जपावी लागते.

पूर्वरंग
नोंद ठेवावी लागते खरी. आमच्या गल्लीतल्या एका दुकानात "ती झोपेची अर्धी द्या" म्हटलं की पुडीत बांधून देतात. शेजारच्या आत्या कितीतरी वर्षं घेतायत. एक दिवस दुकान बंद होतं तर त्यांची जी अवस्था झाली ती बघवत नव्हती.

स्टेथो
त्यांनाही एकदम थांबवू नका. इतक्या वर्षांनी एकदम तोडली तर फिट येऊ शकते. हळूहळूच.

रिकामटेकडा
@सीए_होणार, चहा-कॉफी किती?

सीए_होणार
मोजत नाही. लायब्ररीखालचा टपरीवाला मला नावानं ओळखतो. रात्री जागायला एनर्जी ड्रिंक.

रिकामटेकडा
मग तुझ्या हृदयानं पण सीए करायचं ठरवलंय.

सायली_समुपदेशक
उशिरा आले, पण सगळं वाचलं. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. बुटीबोरीवाल्यांनी लिहिलेला तो एक मिनिटाचा प्रयोग आमच्या कामाचा गाभा आहे. ऑक्सफर्डचे डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचं जे मॉडेल मांडलं ते थोडक्यात असं: धडधड सगळ्यांनाच होते, एखाद्याचं मन तिचा अर्थ "मरण" असा लावतं, त्या अर्थानं अजून ॲड्रिनलिन सुटतं, अजून धडधड होते, आणि अर्थ अजून पक्का होतो. हे चक्र कुठेतरी तोडायचं. म्हणून सीबीटीमध्ये (विचार आणि वागणं बदलायची, बोलून करायची उपचारपद्धत) आम्ही मुद्दाम ती संवेदना आणायला लावतो. जिने चढा, फिरत्या खुर्चीत गरगर फिरा, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्या. धडधड येऊ दे, आणि काही होत नाही हे शरीरालाच कळू दे.

आता अबोली, थोडं कडू. ऑक्सिमीटर, बीपीचं मशीन, पूल टाळणं, सोबत कुणीतरी असल्याशिवाय बाहेर न पडणं, खिशातली ग्लुकोजची पुडी, या सगळ्यांनी त्या क्षणी बरं वाटतं आणि भीती जिवंत राहते. बीपी घाबरलेल्या अवस्थेत वाढलेलंच येणार. ते बघून अजून घाबरायचं, पुन्हा मोजायचं.

आणि "काही झालं नाही, काही झालं नाही" हे तुम्ही किती वेळा म्हणता?

अबोली
तेच म्हणते. शंभरदा. आणि पाठीवरून हात फिरवते.

सायली_समुपदेशक
हात राहू द्या. वाक्य बदला. त्याला काहीतरी झालंय, ते त्याला दिसतंय, तुम्ही "झालं नाही" म्हटलं की तो एकटा पडतो. त्याऐवजी एकदाच, सावकाश: "हो, आलाय. ओळखीचा आहे. अजून थोडा वाढेल, मग उतरेल. मी इथे बसलेय." मग गप्प. पुन्हा पुन्हा विचारू नका, "आता कसं वाटतंय?" सोबतीला चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर असा श्वास तुम्हीच घ्या, त्याला घ्यायला लावू नका. ऐकून तो आपोआप लागतो.

मधलीसुट्टी
श्वासाबद्दल माझा उलटा अनुभव. श्वासाकडे लक्ष दिलं की मला जास्त होतं. कुणाच्या तरी सांगण्यावरून दहा दिवसांच्या विपश्यनेला गेले, तिथे तिसऱ्या दिवशी जे सुरू झालं ते काही विचारू नका. फॉर्मवर मानसिक त्रासाबद्दल विचारतात, तिथे मी "नाही" लिहिलं होतं. मला उपयोग होतो तो बाहेर बघण्याचा. दिसणाऱ्या पाच गोष्टी, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. मी ते बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात करते. बर्डीच्या मेन रोडवर पाच गोष्टी शोधायला उभी राहिलात तर तीन तुमच्या अंगावरून जातात.

सायली_समुपदेशक
मधलीसुट्टी, अगदी बरोबर. काहींना स्वस्थ बसल्यानेच पॅनिक येतो, हे नोंदलेलं आहे. आणि श्वासाचा व्यायाम जर "हे केलं नाही तर मरेन" म्हणून होत असेल तर तो दुसरा ऑक्सिमीटरच. सगळ्यांना एकच उपाय चालत नाही.

गोंधळी
तोंडावर प्लास्टिकची पिशवी धरून त्यात श्वास घ्यायचा म्हणतात ना? सिनेमात दाखवतात.

स्टेथो
प्लास्टिकची तर कधीच नाही, गुदमरायला होईल. सिनेमात कागदाची असते, तीही आता सांगत नाहीत. कारण तो खरंच हृदयाचा किंवा दम्याचा त्रास निघाला तर तुम्ही आहे तोही ऑक्सिजन कमी करून बसता.

नंदाकाकू
थंड पाणी चालतं का? आमची आई तोंडावर सपकन मारायची.

स्टेथो
चालतं. थंड पाण्यानं चेहरा भिजला की ठोके थोडे मंदावतात, शरीराची तशी प्रतिक्षिप्त क्रियाच आहे. हृदयरोग असेल तर मात्र बर्फाच्या पाण्यात डोकं बुडवण्याचे प्रयोग नकोत. आणि नागपूरकरांसाठी एक सांगतो: मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा असताना धडधड, चक्कर, घाबरं झालं तर आधी सावली, पाणी, ओआरएस. अंग तापलं असेल, बोलण्यात भ्रम असेल तर तो उष्माघात, तिथे "ओळखीचा आहे, उतरेल" म्हणत बसायचं नाही.

तर्रीबाज
आणि बंद खोलीत कूलर लावून झोपायचं नाही. दमटपणानं जीव असा गुदमरतो की मलाच दोनदा वाटलं आपलं आटोपलं. खिडकी उघडी पाहिजे. हे तरी माझं बरोबर आहे ना, काकू?

नंदाकाकू
हे बरोबर आहे.

अबोलीचा_नवरा
नमस्कार. माझ्यावर धागा निघालाय आणि माझं बीपी सोडून सगळं त्यात आलंय, हे काल कळलं. खातं उघडलं.

एक-दोन गोष्टी आतल्या माणसाकडून. "शांत हो" हे दोन शब्द कुणीही उच्चारू नका. शांत होता आलं असतं तर मी रात्री दोनला बनियनवर जिन्यात बसलो असतो का? दुसरं, मरणाची भीती हा एकच प्रकार नाही. मला ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतं तेव्हा वाटतं मी आता ओरडणार, किंवा कोसळणार, आणि सगळे बघणार. ते मरणापेक्षा वाईट वाटतं. तिसरं, बऱ्याचदा मला झोपेतून होतं. स्वप्न नाही, विचार नाही, डोळे उघडले तेव्हा ठोके आधीच धावत असतात. "कशाचं टेन्शन आहे सांग" म्हणून आई विचारते, मी काय सांगू?

पुलाचं मात्र मान्य.

सायली_समुपदेशक
स्वागत! झोपेतून येणारा पॅनिक अटॅक चांगलाच ओळखीचा प्रकार आहे, त्याला कारण सापडलंच पाहिजे असं नाही. घोरत असाल, सकाळी डोकं जड असेल तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासा, आणि रात्रीची आम्लपित्ताची तक्रारही सांगा. (तर्रीबाज, अर्धा मार्क घ्या.) कोसळण्याबद्दल: पॅनिकमध्ये बीपी सहसा वाढतं, शुद्ध हरपायला ते खाली यावं लागतं. म्हणून वाटतं खूप, होतं क्वचित. रक्त किंवा सुई पाहून चक्कर येणाऱ्यांचं वेगळं.

पुलासाठी तुम्हाला नागपूरनं आयती शिडी दिलीय. त्याच पुलाच्या डोक्यावरून मेट्रो जाते. आधी छत्रपती चौक ते उज्ज्वलनगर मेट्रोनं, खिडकीतून खाली पूल बघत. मग रविवारी सकाळी दुसरं कुणी चालवतंय आणि तुम्ही शेजारी. मग तुम्ही चालवताय, शेजारी अबोली. मग अबोली घरी. प्रत्येक पायरी भीती कमी होईपर्यंत पुन्हा पुन्हा, धडधड आली म्हणून अर्ध्यातून परत फिरायचं नाही. गाडी चालवताना फारच वाढलं तर कडेला थांबणं वेगळं. आणि ही शिडी कुणा तज्ज्ञासोबत बसून ठरवा, माझ्या प्रतिसादावरून नको.

वऱ्हाडी_ठेचा
तो पूल तीन किलोमीटरच्या वर हाय ना बाप्पा. गिनीजमदी नाव आलं होतं त्याचं. मले तर बिना पॅनिकचा पन संपता संपत नाई.

बुटीबोरीवाला
तज्ज्ञाचं म्हणत असाल तर, पैशाचा प्रश्न असणाऱ्यांसाठी: मेडिकलला आणि मेयोला (दोन्ही सरकारी दवाखाने) मानसोपचाराची ओपीडी आहे. रांग असते, डबा घेऊन जा. मिहानमध्ये एम्सही आहे, तुमच्या ऑफिसपासून जवळच.

पूर्वरंग
आणि आपलं प्रादेशिक मनोरुग्णालय. १८६४ पासून आहे, म्हणजे इंग्रजांच्या काळापासून. अडचण उपचारांची नाही, पत्त्याची आहे. ऑटोवाल्याला आजही "पागलखाना चौक" म्हणावं लागतं आणि तो आरशातून दोनदा बघतो. माझ्या भावानं तिथे उतरायचं नाही म्हणून पुढच्या स्टॉपवर उतरून चालत यायचं ठरवलं होतं. ओपीडीत शेजारी बसलेला माणूस त्याच्याच बँकेतला निघाला. दोघांनी एकमेकांना "कुणाला भेटायला आलात?" विचारलं.

रिकामटेकडा
आणि दोघांनी "मावशीला" सांगितलं असणार.

पूर्वरंग
मावशी नाही, काका. आता दोघं सोबत चहा पितात.

अबोली
अपडेट. टीएसएच आणि हिमोग्लोबिन दोन्ही ठीक. मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. गोळी सुरू झालीय, सीबीटीची बैठक दर आठवड्याला. कधी दवाखान्यात यायचं याची यादी त्यांच्याकडून लिहून घेतली, फ्रिजवर लावलीय. स्टेथो, तुमच्या यादीपेक्षा फार वेगळी नाही. मशीन सासूबाईंच्या कपाटात गेलंय, आठवड्यातून एकदा त्यांचंच बीपी मोजायला निघतं. परवा रात्री आला. मी ते वाक्य एकदाच म्हटलं आणि गप्प बसले. ते गप्प बसणं मला फार जड गेलं, खोटं कशाला बोलू. गाडी काढली नाही.

सासूबाईंचं मीठ-मिरची चालू आहे. डॉक्टर म्हणाले, राहू द्या, आईलाही काहीतरी करायला हवं.

स्टेथो
डॉक्टर चांगले मिळाले.

वणीची_वीणा
धाग्यात घुसखोरी करतेय, माफ करा. माझी आई वणीला एकटी असते, तिला असंच होतं, पण "वेड्यांच्या डॉक्टरकडे" येणार नाही म्हणते. फोनवर काही सोय आहे का? आणि मेडिक्लेममध्ये बसतं का?

मधलीसुट्टी
टेली मानस, १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. मी एकदा रात्री लावला होता, थोडा वेळ वाट पाहावी लागली, पण पलीकडची मुलगी घाई न करता बोलली. आधी तुम्ही लावून बघा, मग आईच्या हातात फोन द्या. "डॉक्टर" म्हणू नका, "एक मुलगी आहे, बोल तिच्याशी" म्हणा.

बुटीबोरीवाला
मेडिक्लेमचं: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, ओपीडीचं बिल आणि समुपदेशनाची फी त्यात बसेलच असं धरू नका. पॉलिसीचा कागद काढून ओपीडी कव्हर आहे का ते बघा.

स्टेथो
वीणाताई, आईचं वय काय? ईसीजी, शुगर, टीएसएच यातलं काही झालंय का? नसेल तर आधी वणीतल्याच फिजिशियनकडे "धडधडीची तपासणी" म्हणून न्या. त्याला ती नाही म्हणणार नाही.

वणीची_वीणा
६२. शुगर आहे, गोळी चालू आहे. ईसीजी कधीच नाही झाला.

स्टेथो
मग वाट पाहू नका. फोन नंतर, आधी ईसीजी. उद्याच.

वणीची_वीणा
भावाला सांगितलं. सकाळी नेतोय.